लांबच्या राइडसाठी काढता येणारी विंडशील्ड: कोणती घ्यावी?

बी-४०२: नमस्कार सोसायटीतल्या मंडळी. डिसेंबरमध्ये रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० बाइक घेऊन गोव्याला जायचं ठरतंय. पुणे, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर आणि पुढे आजरा-आंबोली करत सावंतवाडी. साताऱ्यापर्यंत गेलं तरी ८०-९० च्या वेगात छातीवर वारा बसतो, मान आणि खांदे भरून येतात. शहरात नको, पण लांब जाताना लावता येईल आणि आल्यावर काढून ठेवता येईल अशी विंडशील्ड, म्हणजे वारा अडवणारी पुढची काच, शोधतोय. कोणी वापरतंय का?

ए-१०३: ऑनलाइन भरपूर मिळतात दादा. सगळ्यात मोठी घेऊन टाका, वारा पूर्ण बंद.

सी-२०५: नाही हो, सगळ्यात मोठी अजिबात नको! दादा, मी रॉयल एनफिल्डचीच मीटिअर चालवते म्हणून सविस्तर लिहिते. काच गाडीसाठी नसते, चालवणाऱ्याच्या उंचीसाठी असते. वरच्या कडेवर आदळून वारा वर उसळतो आणि कडेच्या मागे हवा गरगरते. ती गरगरणारी हवा नेमकी हेल्मेटवर आली की डोकं सतत हलत राहतं, कानात ढोल वाजतात. काच नसताना वारा निदान सरळ तरी येतो. हा त्रास त्याहून वाईट.

कड तुमच्या नाकाच्या रेषेत हवी, फार तर हनुवटीपर्यंत खाली. रस्ता काचेच्या वरून दिसला पाहिजे, काचेतून नाही. आंबोलीत धुकं-दव असतं, रात्री समोरून अप्पर मारत गाडी आली की काचेवरचा एकेक थेंब चमकतो आणि पुढचं काही कळत नाही. हेल्मेटची काच हातमोज्याने पुसता येते, ही चालत्या गाडीवर पुसता येत नाही.

बी-४०२: ताई, हे विकत घेण्याआधी कळणार कसं? साडेपाच फुटाच्या माणसाला किती इंची, असं कुठेच लिहिलेलं नसतं.

सी-२०५: पुठ्ठा कापून बघायचा. गाडी मेन स्टँडवरून उतरवून दोन्ही चाकांवर उभी करा, कुणालातरी धरायला लावा, नेहमी बसता तसे बसा. दुसऱ्याने हेडलाइटच्या वर पुठ्ठा काचेइतका तिरका धरायचा. कड कुठे येते त्यावर खूण करा, ती तुमची उंची. घरात दोघं चालवत असाल तर वर-खाली सरकवता येणारी घ्या.

काच बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर एक तपासणी करा. नेहमीच्या वेगात फूटरेस्टवर जरासं उठा. आवाज एकदम कमी झाला तर काच तुम्हाला थोडी उंच आहे. उलट खाली वाकल्यावर शांत वाटलं तर बुटकी आहे.

ए-१०३: हे माहीत नव्हतं. मागे बसणाऱ्याला काही फायदा?

सी-२०५: थोडाच. बऱ्याचदा वरून गेलेला वारा त्यालाच लागतो. मागच्यालाही विचारून मगच पक्कं करा.

डी-३०१: अरे, मापाचं ताईंनी अगदी बरोबर सांगितलं. मी बसवण्याचं सांगतो, कारण जीव तिथे अडकलेला असतो. वेग ६० वरून ९० झाला की वाऱ्याचा जोर दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. तो सगळा जोर काच गाडीला पकडणाऱ्या चार क्लॅम्पवर येतो. नुसती हँडलला अडकवलेली मोठी काच असेल तर आडवा वारा थेट हँडल ओढतो. कराडच्या पुढे उघड्या माळावर किंवा ट्रकला ओव्हरटेक करून बाहेर पडताना हे जाणवतं. शक्य असेल तर खालचे क्लॅम्प फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर, असलेली घे.

पण क्लासिकचा फोर्क ४१ मिमी जाडीचा म्हणून त्याच मापाचे क्लॅम्प मागवू नकोस. वरच्या भागावर कव्हर असतं, ते जाड आहे. दोरा गुंडाळून घेर मोज आणि दुकानदाराला तोच सांग.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. क्लच-थ्रॉटलच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, ब्रेकचा पाइप घासत नाही ना, पुढची नंबर प्लेट झाकली जात नाही ना.

बी-४०२: काका, काच कोणत्या प्लास्टिकची घेऊ, पॉलिकार्बोनेट की ॲक्रिलिक?

डी-३०१: पॉलिकार्बोनेट. ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला तर ॲक्रिलिक तडकून तुकडे होतात, हे वाकतं पण तग धरतं. मात्र चरे लवकर पडतात, म्हणून वर कडक लेप असलेलं बघ. स्क्रूच्या भोकात रबराचा वॉशर हवाच, आणि हाताला घट्ट लागलं की थांब. जास्त आवळलं की भोकापासून तडा सुरू होतो. स्क्रू सुटू नयेत म्हणून लॉक करायचं निळं औषध लावतात, ते इथे चालत नाही. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक भेगा पडतात. नायलॉनवाले नट वापर. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रेही नको आणि पेट्रोलचा बोळा तर नकोच. चिकटलेल्या किड्यांवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, मग सुती कापडाने अलगद काढायचं.

सी-२०५: आणि ऊसतोड सुरू असणार. रात्री कराड-कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात मागे दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात. काच असल्याने वारा लागत नाही, त्यामुळे वेग कमीच वाटतो. स्पीडोमीटरकडे बघत राहा दादा, आणि उजेडात आंबोली उतरा.

बी-४०२: पहाटे चारला निघालो की दुपारी आंबोलीत, असंच ठरवतो. काका, शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये वेळ आहे का? फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा माझ्याकडे आहे.

डी-३०१: सहाला येतो. दोरा, फूटपट्टी आणि पान्यांचा सेट आणतो. तू हेल्मेट आणि रायडिंगचं जॅकेट घालूनच ये. नुसत्या टी-शर्टवर माणूस वेगळा बसतो, मग माप चुकतं.

सी-२०५: मीही येते. माझी काच दोन मिनिटांत निघते, ती तुमच्या गाडीसमोर धरून बघू.