एक तृतीयांशची सवलत आता नाही

पक्षांतरबंदी कायद्यात पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता लागत नाही, म्हणजे आमदारकी जात नाही, असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते कृपया वहीत उतरवून घेऊ नका. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावं परिशिष्ट (म्हणजेच हा पक्षांतरबंदी कायदा) आलं तेव्हा ही सवलत होती खरी, पण २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली. आता उरलंय ते विलीनीकरण, म्हणजे पक्ष दुसऱ्या पक्षात मिसळणं, आणि त्याला विधिमंडळ पक्षाचे (सभागृहातल्या त्या पक्षाच्या सदस्यांच्या गटाचे) किमान दोन तृतीयांश सदस्य राजी लागतात. जुन्या नोट्स वाचणाऱ्यांचा परीक्षेतला गुण इथेच जातो, फार वाईट वाटतं. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही जरूर वाचा. प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश काढणारा सदस्य) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यात स्पष्ट केलंय.