‘७१: इनटू द फायर’: पत्र एक सांगतं, पडदा दुसरंच

उत्तररात्र: परवा हा २०१० सालचा कोरियन सिनेमा पाहिला. घटना खरी, कोरियन युद्धातली. ११ ऑगस्ट १९५०, पोहांगमधली मुलींची शाळा. दक्षिण कोरियाची फौज नाकदोंग नदीच्या आघाडीवर गेलेली आणि शाळा राखायला उरले ७१ विद्यार्थी. अकरा तास झुंजले, ४८ गेले. त्यांतल्या ली वू-गुन नावाच्या पोराच्या खिशात आईला लिहिलेलं पत्र सापडलं. सुरुवातच ‘आई, मी माणसं मारली’ अशी. मध्ये नुसती दगडी भिंत, पलीकडे हातबॉम्ब टाकला, दहाएक जण गेले, लिहितानाही तो आवाज कानात घुमतोय म्हणतो. शत्रू खरा, उत्तर कोरियाचा, पण आपलीच भाषा बोलणारा. मग युद्ध करायचं तरी कशाला?

आणि दिग्दर्शक काय करतो? शेवटी पोरांना छतावर चढवतो, हाती मशीनगन, स्लो मोशन, वर व्हायोलिनं. मला तर संताप आला.

खडूसकाका: अहो, ते छत नसतं तर तुम्ही हा सिनेमा लावला असता का? पत्रापर्यंत पोचलात ते त्या मशीनगनमुळेच! आणि पोरं खरंच लढली, हे कुठे खोटं आहे? राजधानी सोल तीन दिवसांत पडलेलं, देशाचा आग्नेय कोपरा तेवढा हाती उरलेला. त्यांना नुसतं बिचारं दाखवणं हाही अपमानच. शेवटी जिवंत राहिलेले म्हातारे स्वतः बोलतात, ते पाहिलंत की बंद केलंत?

उत्तररात्र: पाहिलं. दोन तासांत तेवढंच मनाला लागलं.

चिंचेचा कोळ: स्लो मोशनवर कशाला भांडताय? मुलांना तिथे बसवलं कुणी, हे विचारा की. कॅप्टन शाळा त्यांच्या हवाली करून निघून जातो आणि सिनेमा त्याला फारसं अडवत नाही. २०१९ चा ‘बॅटल ऑफ जांगसारी’ बघा. इंचॉन बंदरावर अमेरिकी नेतृत्वाखालच्या फौजांनी केलेल्या हल्ल्याआधी शत्रूला चकवायला ७७२ विद्यार्थी जेमतेम दोन आठवड्यांच्या शिक्षणावर किनाऱ्यावर उतरवले, वादळात जहाजही रुतलं. सोळा वर्षांच्या पोराच्या ‘स्वेच्छे’ला किती अर्थ असतो?

खडूसकाका: ताई, आज खुर्चीत बसून हे म्हणणं सोपं आहे. शत्रू गावाच्या वेशीवर आला की वय कोण विचारतं?

चिंचेचा कोळ: आईच विचारते. पत्र तिलाच लिहिलंय ना?

सह्याद्रीपल्याड: जरा आडवं जातो. १९५३ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या मेजर जनरल थोरातांच्या हाताखाली भारतीय तुकडी कोरियात गेली होती. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांवर पहारा ठेवायला. घरी जायचंच नाही म्हणणारी हजारो माणसं! सिनेमात मात्र उत्तरेकडचा अधिकारी नुसता रुबाबात सिगारेट ओढतो. इथे मी काकांच्या विरोधात.

उत्तररात्र: पत्रात आणखी एक आहे. त्यानं स्वतः धुतलेले स्वच्छ आतले कपडे घातले, आई धुऊन द्यायची ते आठवले आणि घालताना का कोण जाणे, कफन आठवलं. मग लिहितो, लेट्यूसच्या पानात गुंडाळलेला भात खावासा वाटतो, झऱ्याचं दात शिवशिवणारं पाणी प्यावंसं वाटतं. शेवटी ‘ते पुन्हा येताहेत वाटतं, पुन्हा लिहीन’. मी असतो तर तिथेच पडदा काळा केला असता.

खडूसकाका: आणि निर्मात्यानं तुम्हाला.