ट्रॉल्यांमधली बारकी झुरळं स्प्रे मारूनही परत का येतात?

पोहेप्रेमी:
मंडळी, ठाण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतोय. किचनच्या ट्रॉल्यांत आणि फ्रिजच्या मागे बारकी झुरळं झालीयेत, नखाएवढी. स्प्रे मारला की चार दिवस शांतता, मग महिन्याभरात परत तीच जत्रा, आणि आता तर बेडरूमच्या स्विचबोर्डातून पण मिशा हलवत डोकावतात, तिथे आधी एकपण नव्हतं. बायको म्हणते मोरीतून येतात म्हणून रात्री जाळीवर फरशीचा तुकडा ठेवतो, काही फरक नाही. परवा एक पांढरंफटक दिसलं, ही कुठली नवीन जात? आणि चप्पल उचलायच्या आतच यांना कळतं कसं?

जुनी_झूलॉजी:
आधी बघा की मानेमागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा आहेत का. असतील तर ते जर्मन झुरळ, दीड सेंटीमीटरच्या आसपास. मोरीतून, गटारातून येतं ते लालसर, चार-पाच सेंटीमीटरचं अमेरिकन, जे आपण बारावीला कापायचो. त्यामुळे तुमची फरशी मोठ्यांना अडवेल, बारक्यांचा मोरीशी फारसा संबंध नाही, ती घरातच राहतात आणि किराण्याच्या खोक्यातून, जुन्या मिक्सर-ओव्हनमधून किंवा शेजारच्या घरातून पाइप-वायरच्या भोकातून येतात.

परत का येतात तर अमेरिकन मादी अंड्यांची डबी कुठेतरी चिकटवून निघून जाते, त्यात साधारण १४-१६ अंडी. जर्मन मादी ती डबी पिल्लं निघायच्या जेमतेम आधीपर्यंत पोटामागे घेऊन फिरते, ३०-४० अंडी असतात, आणि त्या काळात ती फटीतून बाहेर फारशी पडतच नाही मग तुमचा स्प्रे तिला लागणार कसा. उकाड्यात पिल्लाचं दोनेक महिन्यांत प्रौढ झुरळ होतं, पुढचा हिशोब तुम्हीच करा.

पांढरं म्हणजे नुकतीच कात टाकलेलं, काही तासांत तपकिरी होतं. चप्पलचं म्हणाल तर शेपटाकडे दोन टोकं असतात त्यावरच्या केसांना हवेची झुळूक कळते. मेंदूची वाट न बघता निरोप थेट पायांच्या नसांकडे जातो, सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आसपास झुरळ वळलेलं असतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मोजलं होतं, अमेरिकन झुरळ सेकंदाला दीड मीटर पळालं, आणि फुल स्पीडला फक्त मागच्या दोन पायांवर!

टवाळ_कार्टं:
जर्मन, अमेरिकन, सगळे परदेशी ठाण्यात भाड्याने 😂

जुनी_झूलॉजी:
@टवाळ, जर्मन कसलं, घरचंच आहे ते. लिनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये नाव ठेवलं एवढंच. २०२४ च्या जनुकीय अभ्यासात निघालंय की हे आशियाई झुरळापासून सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला वेगळं झालं, तिथून व्यापारी आणि सैन्यांबरोबर पश्चिमेला गेलं. रानात सापडतच नाही, माणसाचं घर हेच त्याचं जंगल.

माईंचा_डबा:
आमच्याकडे बोरिक पावडर, कणीक, साखर आणि थोडं दूध मळून गोळ्या ठेवायचे. अजून ठेवतो, स्प्रेपेक्षा बरं. फक्त वाळून कडक झाल्या की झुरळ ढुंकून बघत नाही म्हणून बदलत राहायच्या. लहान मूल असेल तर अजिबात नको.

पाना_पक्कड:
गोळ्या ठीक, पण काही ठिकाणच्या जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. विषारी गोड आमिषं खाऊन गोड आवडणारी मेली आणि न खाणारी उरली, असं १९९३ मध्येच नोंदवलंय. त्यामुळे एक आमिष चालेना तर दुसऱ्या कंपनीचं आणा.

तुमच्या बेडरूमचं कारण स्प्रेच वाटतो मला. त्या औषधाचा त्यांना त्रास होतो आणि वाचलेली पांगतात. झुरळांचं जेल, म्हणजे विष घातलेलं चिकट आमिष, वापरा, पण बटाणीएवढा गोळा नको, मसुराएवढे ठिपके, ट्रॉलीच्या बिजागऱ्या, चॅनेलच्या मागे, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ. जिथे काळे ठिपके दिसतात तिथेच, ती त्यांची विष्ठा, तिच्या वासावर बाकीची गोळा होतात. झुरळं एकमेकांची विष्ठा आणि मेलेली झुरळं पण खातात, म्हणजे एकाने खाल्लेलं विष पिल्लांपर्यंत पोचतं जी फटीतून बाहेर येत नाहीत. आणि जेलवर स्प्रे मारू नका राव, मग कोणी तोंड लावत नाही. रात्री शेगडीखालचं तेल पुसा, सिंक कोरडं ठेवा, उपाशी राहून बरेच दिवस काढतात पण पाण्यावाचून नाही.

पोहेप्रेमी:
दोन रेघा आहेत, आत्ताच टॉर्च मारून पाहिलं. घरात मांजर आहे, जेल चालेल?

पाना_पक्कड:
फटीच्या आत लावा, तिची जीभ पोचणार नाही असं. आणि खालच्या-वरच्या घरांनी पण एकदमच लावायला हवं, नाहीतर डक्टमधून परत येणार.

पोहेप्रेमी:
रविवारी ट्रॉल्या बाहेर काढतो. खालच्या काकूंना "तुमच्याकडे झुरळं आहेत" हे कोणी आणि कसं सांगायचं, यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.