हरिश्चंद्रगड मुक्काम : सामान काय घ्यायचं?

मेघना (सी-२०४) : शनिवारी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, मुक्काम वरच. मुलं धरून अकरा जण. माणशी दोन ब्लँकेटं पुरतील ना?

कुलकर्णी काका (ए-१०१) : पांघरुणाआधी अंथरुणाचं बघ. गड साधारण १४०० मीटर उंच, म्हणजे पुण्यापेक्षा पाचेक अंश थंड, वर वारा. पण रात्री खरी हुडहुडी भरते ती जमिनीमुळे. ब्लँकेट अंगाखाली दबलं की त्यातली हवा निघून जाते, मग ऊब कुठली? प्रत्येकाला फोमची कॅरीमॅट हवी, निदान १० मिमी जाडीची. खाली प्लॅस्टिक. मग एक ब्लँकेट आणि कानटोपी बास.

इम्रान (बी-३०३) : आणि घाम! पाचनईहून चढायला दोन-अडीच तास. चढताना स्वेटर सॅकमध्येच ठेवा. सुती टीशर्ट आणि जीन्स भिजली की वाळत नाही, थांबलं की तीच अंग गारठवते. वर पोचल्याबरोबर कपडे बदला, मोजेसुद्धा. रात्रीचा कोरडा जोड वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधा.

मेघना : तंबू कोकणकड्यावर लावू का? सकाळचा नजारा मस्त असतो.

कुलकर्णी काका : नको गं बाई. वारा तंबूत झोपू देणार नाही, आणि अंधारात मुलं कड्याच्या धारेवर. मंदिराच्या बाजूला आडोसा बघा, पण खोलगट जागा नको. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत तिथेच साचते, दवही तिथेच जास्त. तंबूच्या जाळीच्या खिडक्या बंद करू नका, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते.

देसाई (ए-४०२) : शेकोटी? आणि औषधापुरती ब्रँडी 😄

इम्रान : दोन्ही नाही. अभयारण्य आहे, गवत वाळलेलं, एक ठिणगी पुरे. शिवाय धुराने आग्या मोहोळ उठतं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि उष्णता मात्र निघून जाते. कोणी थरथरायचं थांबून पेंगायला, अडखळत बोलायला लागलं तर तो धोका समजा. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, दुसऱ्याला चिकटून झोपवा. नीट शुद्धीत असेल तरच गरम गोड पाणी पाजा, आणि मदत मागवा.

मेघना : चहासाठी छोटा गॅस आहे.

इम्रान : साधा ब्युटेन असेल तर पहाटे ज्योत मरते. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो, त्यामुळे पाच-सहा अंशांना दाब फारच कमी. डबा रात्री पांघरुणात ठेवा, पेटवण्याआधी थोडा वेळ कोमट पाण्याच्या ताटलीत. आचेवर कधीच नाही. आणि स्टोव्ह तंबूबाहेरच! कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फोन-पॉवरबँकही पांघरुणात, थंडीत चार्जिंग पटकन उतरतं.

कुलकर्णी काका : डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, पाचनई दोनला सोडा. पाणी माणशी तीन लिटर, थंडीत तहान कळत नाही. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी कमरेइतकं आणि भयंकर गार, मुलांना संध्याकाळी उतरवू नका. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या उतारावर, पाय आडवा टाका, टाच रोवत धावू नका. झिजलेल्या तळाचे बूट घरीच.

मेघना : तीन कॅरीमॅट कमी पडतायत. कोणाकडे जादा आहेत?

देसाई : दोन आहेत. वॉचमनकडे ठेवतो.