अकरावीचा अमेरिकन इतिहास: 1754 पूर्वीचा भाग दोन आठवड्यांत उरकावा का?

खडूफळा

अमेरिकेत यंदा ज्यांची मुलं अकरावीला एपी यूएस हिस्टरी (कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन इतिहासाचा विषय) घेत आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो आहे. पहिली दोन युनिटं, म्हणजे 1491 ते 1607 आणि 1607 ते 1754, मिळून दोन आठवड्यांत संपवावीत, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब बघा. परीक्षेत पहिल्या युनिटाचा वाटा 4 ते 6 टक्के, दुसऱ्याचा 6 ते 8. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येक युनिटाला 10 ते 17 टक्के. डीबीक्यू, म्हणजे सात कागदपत्रं वाचून लिहायचा निबंध, एकटा 25 टक्क्यांचा, आणि त्याचा विषय 1754 ते 1980 मधलाच असतो. लघुत्तरी प्रश्नांतले पहिले दोनही त्याच काळातले. दीर्घ निबंधाला तीन पर्याय मिळतात, त्यातला एकच 1491 ते 1800 वरचा.

शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते, परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. ऑक्टोबरभर जेम्सटाउन आणि पिल्ग्रिम अशा पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांत रमलं, की थँक्सगिव्हिंग येतं तरी क्रांती सुरू झालेली नसते. मग एप्रिलमध्ये शीतयुद्ध आणि नागरी हक्कांची चळवळ आठवड्यात कोंबावी लागते. गुण जातात ते तिथे.

पानगळ

टक्केवारी बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. अहो, डीबीक्यूच्या सात गुणांतला एक संदर्भासाठी असतो. त्यात बहुतेकदा प्रश्नाच्या काळाआधी काय चाललं होतं ते लिहितात. प्रश्न 1754 नंतरचा, म्हणजे संदर्भ कुठला? त्याच्या आधीचा! वसाहतींच्या विधानसभा दीडशे वर्षं स्वतःचे कर स्वतः ठरवत होत्या, आणि व्यापाराचे कायदे 1651 पासून कागदावर असूनही लंडन ते सैलपणे राबवत होतं, हे कळलं नाही तर 1765 च्या मुद्रांक कायद्यावर (ब्रिटिश संसदेने छापील कागदांवर लावलेल्या करावर) एवढा भडका का उडाला तेच समजत नाही.

त्याहून मोठी गोष्ट गुलामगिरीची. व्हर्जिनियाची साखळी सलग शिकवली तरच लक्षात राहते. 1610 च्या दशकात तंबाखूचं पीक, त्याला हवे मजूर. जो मजूर आणेल त्याला माणशी 50 एकर जमीन. सुरुवातीला हे मजूर बहुतेक इंग्रज, चार ते सात वर्षांच्या कराराने बांधलेले. 1619 मध्ये व्हर्जिनियातल्या पॉइंट कम्फर्टला विसेक आफ्रिकी माणसं उतरवली गेली. 1662 च्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या दर्जावरून ठरू लागलं. 1676 मध्ये बेकनचं बंड (नॅथॅनिएल बेकनने गव्हर्नरविरुद्ध केलेला उठाव), 1698 मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या इंग्रज रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपली, आणि 1705 मध्ये व्हर्जिनियाची सविस्तर गुलामसंहिता आली.

मुलं काय लिहितात? ‘बेकनच्या बंडामुळे गुलामगिरी आली.’ सरळ चूक! 1662 चा कायदा बंडाच्या 14 वर्षं आधीचा आहे. बंडाने वेग वाढवला इतकंच म्हणता येतं. शिवाय इंग्लंडमधून येणारे कराराने बांधलेले मजूर कमी होत गेले, हेही कारण तितकंच मोठं. हा फरक दोन आठवड्यांच्या धावपळीत शिकवून होणार नाही.

खडूफळा

पानगळ, ही साखळी मला मान्य आहे. पण ती दोन तासांत होते. एका कागदावर तीन रकाने आखा: न्यू इंग्लंड, मधल्या वसाहती, चेसापीक (व्हर्जिनिया-मेरीलँड) आणि दक्षिण. खाली चार ओळी: जमीन आणि पीक, मजूर कोण, धर्म, सत्ता कोणाच्या हाती. बारा चौकटी भरल्या की तुलनेच्या प्रश्नाची तयारी झाली. संदर्भाचा गुण तीन-चार नेमक्या वाक्यांत मिळतो, त्यासाठी आठवडेच्या आठवडे कशाला?

जुनीपाटी

तुमच्या तीन रकान्यांत स्पॅनिशांच्या न्यू मेक्सिकोतलं सांता फे कुठे बसतं? 1680 मध्ये पोपे नावाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली तिथल्या मूळ रहिवासी पुएब्लो लोकांनी स्पॅनिशांना न्यू मेक्सिकोतून हाकललं. 1692 मध्ये स्पॅनिश परतले, पण नंतर मजुरीची सक्ती आणि धर्माची जबरदस्ती दोन्ही सैल करावी लागली. स्पॅनिश, फ्रेंच, डच, इंग्रज यांची तुलना हा परीक्षेचा आवडता प्रश्न आहे, आणि त्यात तेरा वसाहतींचा तक्ता अर्धवटच पडतो. फ्रेंच संख्येने थोडे, फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या, व्यापारावर जगणारे, म्हणून मूळ रहिवाशांशी सोयरिकी जोडणारे. इंग्रज कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले आणि त्यांना शेतीला जमीन हवी होती. सगळा फरक इथून निघतो.

घाई केली की 1763 ची राजघोषणाही एकांगी शिकवली जाते. ‘ॲपलेशियन डोंगरांच्या पलीकडे जायला राजाने बंदी केली, म्हणून वसाहतवाले चिडले,’ एवढंच मुलं लिहितात. पलीकडे मूळ रहिवाशांचा पुढारी पॉन्टिअॅक याचं ब्रिटिशांविरुद्धचं युद्ध पेटलं होतं, फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटनच्या डोक्यावर कर्ज झालं होतं आणि सरहद्दीवर फौज ठेवणं परवडत नव्हतं, हे निसटतं. खडूफळा, हे तर तुमच्या लाडक्या तिसऱ्या युनिटातलं आहे, पण त्याची मुळं पहिल्या दोनांत आहेत.

रेवती_जर्सी

माझा मुद्दा वेगळा आहे. गुण वाटतो तिथे जात नाहीत. तिसऱ्या युनिटाला भरपूर वेळ देऊनही मुलं ठरलेल्या चुका करतात. सगळ्यात मोठी चूक: 1773 च्या चहा कायद्याने चहा महागला. उलट तो स्वस्त झाला! ईस्ट इंडिया कंपनीला थेट वसाहतींत चहा विकायची मुभा मिळाली, फक्त पौंडभर चहामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच राहिला. स्वस्त चहा घेणं म्हणजे संसदेचा करहक्क मान्य करणं, ही अडचण होती. शिवाय चोरट्या डच चहावर जगणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडत होता.

16 डिसेंबर 1773 ला बोस्टनच्या पाण्यात गेल्या त्या सुमारे 340 पेट्या कोणाच्या? आपल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. 1770 च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी डबघाईला आली. 1773 मध्ये संसदेने तिला 14 लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग अॅक्टने तिच्यावर लगाम घातला आणि चहा कायद्याने गोदामातला माल खपवायची सोय करून दिली, हे सगळं एकाच वर्षात. शाळेत भारताचा इतिहास शिकलेल्या मराठी आईवडिलांना ही बाजू ठाऊक असते. ती मुलांना जरूर सांगा. डीबीक्यूत कागदपत्रांबाहेरच्या पुराव्याला एक गुण असतो, तिथे हे चालतं.

खडूफळा

चालतं, पण एका अटीवर. नुसतं ‘कंपनी भारतातही होती’ असं लिहून गुण मिळत नाही. ‘कंपनीला वाचवण्यासाठी संसदेने वसाहतींच्या व्यापारात हात घातला’ असं मुद्द्याला जोडावं लागतं. नाहीतर अमेरिकन क्रांतीत यॉर्कटाउनला हरलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे मराठ्यांना सोबत घेऊन टिपूवर चालून गेला, अशी माहिती लिहीत मुलं दहा मिनिटं घालवतात. माहिती खरी आहे, पण ती कुठल्याच मुद्द्याला टेकत नाही.

पानगळ

हे मान्य. पण गुणांपलीकडेही एक कारण आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. 1865 ला अमेरिकेत जे दास्य मोडलं ते 1662 आणि 1705 ला कसं घडवलं गेलं, हे आपल्या घरातल्या मुलांनी नीट वाचायला हवं.

जुनीपाटी

वेळ नाही म्हणता, तर एक तास असा वापरून बघा. पॉल रेव्हीअरचं 1770 चं बोस्टन हत्याकांडाचं (ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचं) चित्र द्या. शीर्षक झाकून ठेवा. पहिली दहा मिनिटं फक्त काय दिसतं तेवढंच लिहायचं: सैनिकांची सरळ रांग, मागे तलवार उंचावलेला अधिकारी, इमारतीवर ‘खाटीकखाना’ अशा अर्थाची पाटी. मग त्या सैनिकांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याची जबानी वाचायची. मग निकाल सांगायचा: जॉन अॅडम्सने वकीलपत्र घेतलं, प्रेस्टन सुटला, आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघे मनुष्यवधाचे दोषी ठरले. शेवटी प्रत्येकाने तीन वाक्यं लिहायची: चित्र कोणी, कोणासाठी, कशासाठी काढलं, आणि त्यामुळे पुराव्याचं वजन कसं बदलतं.

त्या तिसऱ्या वाक्यावर गुण अडतो. ‘रेव्हीअर देशभक्त होता म्हणून चित्र पक्षपाती आहे’ इथे मुलं थांबतात. ते पुरत नाही. लोकमत पेटवायला काढलेलं चित्र हे प्रचार कसा चालायचा याचा उत्तम पुरावा आहे, हे युक्तिवादाला जोडायला हवं. असं दोन कागदपत्रांचं केलं की गुण मिळतो.

खडूफळा

तास छान आहे, आणि तोही 1754 नंतरचा! माझा प्रश्न कायम आहे. पहिल्या दोन युनिटांना जास्त आठवडे द्यायचे तर कापायचं काय, ते सांगा.

पानगळ

सांगते. यादवी युद्धातल्या लढायांचे नकाशे. अँटिटम, गेटिसबर्ग, विक्सबर्ग एवढ्या पुरे, आणि त्याही कारण-परिणामापुरत्या. हेझपासून हॅरिसनपर्यंत (1877 ते 1893) राष्ट्राध्यक्षांची एकेकाची ओळख. दोन्ही महायुद्धांतल्या युरोपातल्या मोहिमा. परीक्षा सेनापतींच्या हालचाली विचारत नाही, घरच्या आघाडीवर काय बदललं ते विचारते. यातून दोन आठवडे सहज निघतात. तुमचे दोन आणि हे दोन मिळून चार, मला तेवढे पुरेत.