मदत हवी आहे: ‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि समानार्थी शब्द कसे शिकवावेत?

मंडळी,

मी मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्यांचा वर्ग घेते. वाचलेलं त्यांना बऱ्यापैकी समजतं, पण बोलायला लागले की ‘गेट’पाशी अडतात. ‘गेट’ म्हणजे मिळणे, एवढं शाळेत शिकलेलं असतं. मग ‘आय गॉट टायर्ड’मध्ये काय मिळालं, ‘वुई गॉट होम लेट’मध्ये कोणाला काय मिळालं, असे प्रश्न येतात, आणि ते अगदी रास्त आहेत.

परवा एका विद्यार्थ्याने कोशातून समानार्थी शब्द उतरवून आणले: ऑब्टेन, रिसीव्ह, अक्वायर, बिकम, फेच, अराइव्ह, अंडरस्टँड. यादीत काहीच चूक नव्हती. त्यावरून त्याने वाक्यं केली, ‘आय ऑब्टेन्ड टायर्ड’, ‘वुई रिसीव्ह्ड होम लेट’. मनापासून केलेला अभ्यास, शब्द कोशातले, तरी वाक्यं उभी राहिनात. त्याने विचारलं, “शब्द समानार्थी आहेत, तर एकाच्या जागी दुसरा का चालत नाही?” त्याला नीट उत्तर द्यायचं आहे, म्हणून हा धागा.

आतापर्यंत मी जमवलेलं असं. ‘गेट’च्या पुढे काय येतं त्यावर अर्थ ठरताना दिसतो. पुढे वस्तू आली (‘गॉट अ लेटर’) तर मिळणे, आणणे किंवा विकत घेणे. विशेषण आलं (‘गॉट अँग्री’) तर होणे. जागा आली (‘गॉट टू द स्टेशन’) तर पोचणे. ‘आय गेट इट’ किंवा ‘ही डिडंट गेट द जोक’ यांत कळणे. आजार आला (‘गॉट अ कोल्ड’) तर मराठीत परत ‘होणे’च, कारण सर्दी आपल्याला मिळत नाही, होते.

समानार्थी शब्दही त्या-त्या खणापुरतेच चालतात असं दिसतं. पत्र रिसीव्ह करता येतं. परवानगी खटपट करून ऑब्टेन करतात. कौशल्य हळूहळू अक्वायर होतं. पण यातला एकही शब्द ‘टायर्ड’च्या आधी बसत नाही, तिथे ‘बिकम’ लागतं. उलट ‘बिकम’च्या जागी ‘गेट’ सरसकट चालत नाही. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ म्हणजे ती डॉक्टर झाली, आणि ‘शी गॉट अ डॉक्टर’ म्हणजे तिने डॉक्टरला बोलावून आणलं! हे उदाहरण वर्गात फार उपयोगी पडतं.

माझे प्रश्न:
हे खण पुरेसे आहेत का, की काही सुटलं आहे?
‘हॅव गॉट’, ‘गॉट टू’ आणि ‘गॉटन’ यांचं नातं कसं सांगावं?
‘गेट समथिंग डन’ ही रचना मराठीतून कशी पोचवावी?

जाणकारांनी जरूर लिहावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

खणांची कल्पना योग्य आहे. अर्थ मोजत बसू नका, एवढंच सांगेन. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, त्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ. इंग्रजी मातृभाषा असलेला कोणीही हे अर्थ पाठ करून बोलत नाही. छोटी, जुनी, रोजच्या वापरातली क्रियापदं अशीच वाढत जातात.

प्रतिसाद

तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला फार आवडला. त्याला आधी आपलं ‘लागणे’ दाखवा.

भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. दिवा लागला. दूध खाली लागलं. वेड लागलं. दोन तास लागले. तो रडायला लागला. मला जावं लागलं. तो माझा मामा लागतो.

आता त्यालाच ‘लागणे’चे समानार्थी शब्द लिहायला सांगा. स्पर्श होणे, सुरू होणे, जळणे, गरज पडणे, नातं असणे असं काही तो लिहील आणि प्रत्येक शब्द बरोबर असेल. मग ‘नोकरी जळली’ किंवा ‘मामा सुरू होतो’ अशी वाक्यं होतात का, हे त्याचं त्यालाच पाहू द्या. समानार्थी शब्द हा क्रियापदाच्या एका वापराला समानार्थी असतो, सगळ्या क्रियापदाला नाही, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते अडचणीचं मूळ तीच. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘लागली’ ऐकेपर्यंत ‘भूक’ किंवा ‘ठेच’ ऐकून झालेलं असतं, म्हणून अर्थाचा घोळ होतच नाही. इंग्रजीत ‘गॉट’ आधी येतं आणि खूण मागून येते. आपला माणूस ‘गॉट’ ऐकताक्षणी मनात ‘मिळालं’ म्हणून मोकळा होतो, पुढचा शब्द आला की फसतो. तेव्हा सराव असा घ्या: ‘शी गॉट’ एवढंच म्हणून थांबा आणि विचारा, अर्थ काय? उत्तर एकच, अजून माहीत नाही. पुढे ‘अँग्री’, ‘अ जॉब’, ‘टू द टॉप’ असे शब्द एकेक करून द्या. पुढच्या शब्दापर्यंत थांबायची सवय लागली की निम्मं काम झालं.

कर्त्याकडेही लक्ष असू द्या. ‘मला पत्र मिळालं’मध्ये मिळवणाऱ्याला आपण ‘ला’ लावतो, वाक्य चालतं पत्राच्या तालावर. इंग्रजीत ‘आय’ थेट कर्ता. ‘मला कळलं’, ‘मला सर्दी झाली’, ‘मला जायला हवं’ या सगळ्या ‘मला’च्या वाक्यांना इंग्रजीत ‘आय गॉट’ किंवा ‘आय हॅव गॉट’चं रूप येऊ शकतं. नवशिक्याला ही जोडी दाखवली तर पुष्कळ वाक्यं एकदम हाती येतात.

प्रतिसाद

‘हॅव गॉट’बद्दल. रूप भूतकाळाचं दिसतं, पण अर्थ वर्तमानाचा. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. मूळ विचार असा की मिळवून झालं, म्हणून आता आहे.

‘गॉटन’ हे जुनं रूप आहे. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ‘फर्गॉटन’ मात्र दोन्हीकडे आहे. ‘फर्गेट’ आणि ‘गेट’ एकाच कुळातले, ‘गेट’ स्वतः उत्तरेकडून, जुन्या नॉर्स भाषेच्या ‘गेटा’वरून इंग्रजीत आलं. अमेरिकेत या दोन रूपांमुळे अर्थही वेगळे राहतात: ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालेलं असणे किंवा झालेलं असणे. ‘इट हॅज गॉटन कोल्ड’ तिथे चालतं, ब्रिटनमध्ये ‘इट हॅज गॉट कोल्ड’ म्हणतील.

‘गॉट टू’चा मोठा सापळा आहे. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायलाच हवं. ‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. एक सक्ती, दुसरी संधी. त्यात बोलताना ‘हॅव’ गिळतात आणि ‘गॉटा’ होतं, म्हणून संदर्भ पाहावाच लागतो. आणि बघा, ‘भेटायला मिळालं’ म्हणताना मराठीतही ‘मिळणे’च आलं.

धागाकर्ती

‘लागणे’चा प्रयोग या आठवड्यातच करते. ‘शी गॉट’वर थांबायचा सराव तर हवाच होता. ‘भेटायला मिळालं’ हा खण माझ्याकडून सुटला होता, तो जोडते.

तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. ‘आय गॉट माय हेअर कट’ आणि ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ यांची रचना एकच दिसते. पहिल्यात मी मुद्दाम करवून घेतलं, दुसऱ्यात बोट कोणी मुद्दाम चेमटवून घेत नाही. हे कसं सांगावं?

प्रतिसाद

पहिल्यासाठी मराठीत नेमकी रचना आहे: केस कापून घेतले. ‘करून घेणे’ हे या ‘गेट’चं जवळजवळ जुळं आहे. माणूस मध्ये आला की ‘टू’ येतो: ‘गेट हिम टू साइन’, म्हणजे त्याच्याकडून सही करून घेणे, थोडं पटवून, थोडं मागे लागून. ‘मेक हिम साइन’ म्हणजे सही करायला लावणे, तिथे जबरदस्ती आहे आणि ‘टू’ नाही. ‘हॅव हिम साइन’ म्हणजे काम सांगून सही करून घेणे, तिथेही ‘टू’ नाही. तिन्ही एकत्र शिकवा, नाहीतर ‘मेक हिम टू साइन’ हमखास येतं.

बोटाच्या वाक्यात कर्ता भोगणारा आहे. मराठीत आपण तिथे ‘घेणे’ वापरत नाही, ‘माझं बोट दारात सापडलं’ असं म्हणतो. रचना एकच, घटना हवीशी की नकोशी एवढ्यावर अर्थ फिरतो.

त्याला लागूनच ‘गॉट ब्रोकन’, ‘गॉट फायर्ड’ हा आणखी एक खण. हे ‘वॉज ब्रोकन’सारखंच कर्मणी, पण ‘गॉट’मध्ये काहीतरी घडलं हे ठसतं. म्हणून ‘द आन्सर वॉज नोन’ ठीक, ‘द आन्सर गॉट नोन’ खटकतं, कारण माहीत असणं ही स्थिती आहे, घटना नाही. औपचारिक लेखनात हा वापर टाळलेला बरा.

प्रतिसाद

पोचण्याच्या खणात एक सूचना. ‘गेट टू द स्टेशन’मध्ये ‘टू’ हवा, ‘रीच द स्टेशन’मध्ये नको, ‘अराइव्ह’ला ‘ॲट’ किंवा ‘इन’ लागतं. ‘गेट होम’ला काहीच नाही. समानार्थी शब्द बदलला की शेपूटही बदलतं, हे यादीत लिहाच. ‘रीच टू’ ही आपल्याकडची फार पसरलेली सवय आहे.

‘होणे’च्या खणातही ‘गेट’ एकटं नाही. दूध नासलं, माणूस वेडा झाला, अशा बिघडण्याला ‘गो’ येतं. रंग पालटला की ‘टर्न’. सावकाश झालं तर ‘ग्रो’.

प्रतिसाद

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’ वगैरे जोडक्रियापदं या खणांत कोंबू नका, ती स्वतंत्र शब्दांसारखीच शिकवा, आणि शक्य तिथे मराठी वाक्प्रचाराशी बांधा. माझ्याकडचे काही: ‘गेट बाय’ म्हणजे भागणे, निभावणे. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून पचवणे. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे एकदाचा मुहूर्त लागणे. ‘गेट ऑन समवन्स नर्व्ह्ज’ म्हणजे डोक्यात जाणे.

धागाकर्ती

‘पचवणे’ आणि ‘मुहूर्त लागणे’ दोन्ही घेतले. वर्गासाठीचा तक्ता आता असा करते: डावीकडे ‘गेट’, मध्ये पुढे येणारा शब्दप्रकार, उजवीकडे मराठी क्रियापद, आणि त्याच्याखाली त्या खणातच चालणारे समानार्थी शब्द त्यांच्या ‘टू’, ‘ॲट’सकट. ‘गेट थ्रू’ला मी ‘पार पडणे’ लिहिलं आहे, पण फोन लागतो तेव्हाही ‘गेट थ्रू’च म्हणतात, म्हणून तिथे ‘लागणे’ही लिहीन. ‘गेट ॲक्रॉस’साठी ‘म्हणणं पोचवणे’ याहून चपखल काही सुचत असेल तर सांगा.