फायबरच्या होडीचा निळा रंग पांढुरका पडला आहे: घोटून घ्यावा की वरून रंग मारावा?

खाडीकाठ (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर)

सर्वांना नमस्कार. आमची २४ फुटी फायबरची होडी आहे. पावसाळा सोडला तर ती वर्षभर उघड्यावरच असते, भरतीला पाण्यावर आणि ओहोटीला गाळात. मासेमारीबरोबरच थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या मंडळींनाही आम्ही तिच्यातून फिरवतो. आम्ही घेतली तेव्हा ती गडद निळी होती आणि तिच्यावर बाहेरून कधी रंग चढवलेला नव्हता. आता पाण्यावर राहणाऱ्या भागाचा निळा रंग राखाडी पडला असून, अंगावरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. पाणरेषेजवळ तपकिरी पट्टा बसला आहे, तो साबणाने निघत नाही, आणि नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) कडेला बारीक चिरा दिसतात.

रंगकाम करणाऱ्या एका कारागिराने थिनरने पुसून ऑईलपेंटचे दोन हात मारावेत असे सुचवले आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की होडी मशीनने घोटली तर मूळ रंग वर येईल. पाऊस सुरू होण्याआधी होडी वर ओढून शाकारायची (झाकून ठेवायची) आहे, त्यामुळे जे करायचे ते आत्ता मे महिन्यात करावे की पावसाळ्यानंतर, हेही ठरत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रेझिनवाला (तुर्भे)

मी औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या आणि होड्यांचे भाग घडवण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऑईलपेंटचा निर्णय सध्या थांबवा.

तुमच्या होडीवरचा निळा थर हा जेलकोट आहे. होडी साच्यात घडवताना सर्वांत आधी साच्याच्या आतील बाजूस रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा हा थर देतात आणि मग त्याच्यावर काचतंतूची मॅट व रेझिन यांचे थर बसवत जातात. जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातील रेझिन तुटत जाते, पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र होतो, आणि हाताला लागते ती भुकटी म्हणजे हे तुटलेले रेझिन व मोकळे झालेले रंगद्रव्य. पांढऱ्या होडीवर हे चटकन कळत नाही. निळ्या आणि लाल होडीवर मात्र लगेच नजरेत भरते. खालचा जेलकोट बहुतेक वेळा शाबूत असतो, म्हणून वरचा मेलेला पापुद्रा काढला की मूळ निळा रंग वर येतो. परंतु अर्धा मिलिमीटर हीच तुमची सगळी पुंजी आहे आणि प्रत्येक घोटणीत ती थोडी खर्च होते. लागेल तेवढेच घासावे, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे.

घोटण्यात अर्थ आहे की नाही, हे पाहण्याची सोपी परीक्षा अशी. होडी साबणाच्या आणि गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळू द्या, मग ओल्या फडक्याने हातभर जागा भिजवून तिरप्या उजेडात पाहा. भिजलेल्या जागी गडद निळा रंग परत दिसला आणि वाळताच पुन्हा दुधट झाला, तर जेलकोट शिल्लक आहे असे समजावे. पाणी पृष्ठभागावरचे सूक्ष्म खड्डे तात्पुरते भरते, त्यामुळे उजेड विखुरत नाही आणि खालचा रंग दिसतो. घोटणीने आपण तेच खड्डे कायमचे सपाट करतो. भिजवूनही रंग फिकाच राहिला, किंवा काचतंतूची वीण दिसू लागली, तर तिथे घोटू नका.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात नेहमी सौम्य उपायाने करा. आधी फूटभर चौकोनावर नुसते रबिंग कंपाऊंड (घोटण्याची बारीक खरखरीत लुगदी) लोकरीच्या पॅडने फिरवून पाहा. तेवढ्याने चमक आली तर वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) हातात घेण्याचे कारणच नाही. नाही आली तर १५०० नंबरचा पेपर, त्यानेही नाही भागले तर १००० नंबरचा. ८०० नंबरवर फारच वाईट जागी उतरावे. पेपर पाण्यात भिजवून रबरी ठोकळ्यावर गुंडाळून वापरावा, नुसत्या बोटांनी दाबून घासल्यास पन्हळी पडतात. १००० पासून सुरू केले तर १५०० आणि २००० हे टप्पे गाळू नका, कारण आधीच्या पेपरचे ओरखडे गेले नाहीत तर शेवटी निळ्या रंगावर ते धुक्याप्रमाणे दिसत राहतात. माझी पद्धत अशी की घासण्यापूर्वी त्या जागेवर साध्या पेन्सिलीने हलक्या आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे कुठे हात कमी फिरला ते कळते. पेपर फिरवताना सुरुवातीला दुधट पाणी ओघळते. ते स्वच्छ निळे होऊ लागले की मेलेला थर संपला, तिथेच हात थांबवावा. काठ, कोपरे आणि नाळेची धार यांच्यावर जेलकोट आधीच पातळ असतो, तेथे मशीन लावू नये, हातानेच घोटावे.

ऑईलपेंटला माझा विरोध एवढ्यासाठी की भुकटीवर मारलेला रंग भुकटीलाच धरतो आणि तिच्यासकट पापुद्रे होऊन निघतो. पुढे तो काढायला रंग उतरवण्याचे जहाल द्रावण वापरले तर ते पॉलिएस्टरलाही खाते.

चेंदणीकर (ठाणे)

वरील माहिती उत्तम आहे. मी तपकिरी पट्ट्याबद्दल आणि मशीनबद्दल लिहितो, कारण आमच्या चेंदणी कोळीवाड्यात या दोन गोष्टींनी होड्यांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे.

पट्टा घासून काढण्याच्या भरीस पडू नका. तो खाडीच्या पाण्यातील लोहाचा आणि कुजलेल्या पाल्याचा डाग असतो आणि तो सच्छिद्र झालेल्या जेलकोटमध्ये मुरलेला असतो. लिटरभर पाण्यात ५०-६० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर विरघळवून प्लॅस्टिकच्या बादलीतून ब्रशने लावावी, दहा-पंधरा मिनिटे ओली ठेवावी, वाळू देऊ नये, आणि भरपूर गोड्या पाण्याने धुऊन टाकावी. डाग डोळ्यांदेखत फिका पडतो. हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या खिळ्या-कड्यांवर हे द्रावण जाऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडर किंवा तिचे पाणी याच्यात किंवा याच्या मागोमाग कदापि वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, जो छातीला घातक आहे.

मशीनबाबत एक कळकळीची विनंती आहे. अनेक जण लोखंड कापायच्या चार इंची ग्राइंडरवर लोकरीचा पॅड चढवून होडी घोटतात. त्या यंत्राचे फेरे मिनिटाला दहा-अकरा हजारांच्या आसपास असतात. जेलकोट घोटायला मिनिटाला हजार ते पंधराशे फेरे पुरेत. ग्राइंडरने काही क्षणांत जेलकोट तापतो, पिवळसर डाग पडतो आणि कडेवर तो खालच्या मॅटपर्यंत उडतो. वेग कमी-जास्त करता येणारे पॉलिशर भाड्याने मिळाले तर पाहावे. दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन, पॅड सपाट ठेवून, सतत फिरवत राहावे. पॅडला निळा रंग लागू लागला तर घाबरू नका. मोटारगाडीवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, होडीवर तो नसतो, त्यामुळे रंग पॅडवर येणारच. कंपाऊंड सिलिकॉन नसलेलेच घ्यावे; सिलिकॉन राहिले तर पुढे डागडुजी करताना नवा थर त्यावर धरत नाही आणि माशाच्या डोळ्यांसारखी भोके पडतात.

काम सकाळी लवकर किंवा मांडवाखाली करावे. मे महिन्यातील दुपारच्या उन्हात निळा पृष्ठभाग इतका तापतो की कंपाऊंड लावल्या लावल्या सुकून चिकटते.

आणखी एक: चमक यावी म्हणून काही जण रॉकेल, डिझेल किंवा खोबरेल तेल पुसतात. ती चमक तेलाची असते, धूळ धरते, आणि नंतर मेण किंवा जेलकोट लावण्याच्या आड येते.

तिवरांची सोबत (ऐरोली)

एक सूचना मी आवर्जून करतो. ओल्या पेपरने घासताना जे निळे-दुधट पाणी वाहते, त्यात रेझिनचे बारीक कण असतात. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. पण तो दर्जा नसता तरी ज्या चिखलातून आपण निवट्या आणि खेकडे काढतो, तिथे हे सोडणे योग्य नाही. होडीखाली जाड ताडपत्री अंथरून तिच्या कडा विटांनी उचलाव्यात, पाणी एका बाजूला गोळा होते. गाळ बसू द्यावा, वरचे पाणी निथळून घ्यावे आणि वाळलेला गाळ पिशवीत भरून कचऱ्यात द्यावा. कोरडे घासणार असाल तर कापडी रुमाल पुरत नाही, धुळीसाठीचा घट्ट बसणारा मुखवटा घ्यावा. ओल्या जागेवर विजेचे मशीन चालवायचे असल्याने जोडणी गळती-संरक्षक स्विचमधूनच घ्यावी.

खाडीकाठ (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज होडी धुऊन भिजवून पाहिली. दोन्ही कुशींवर, म्हणजे जवळजवळ सगळ्या अंगावर, भिजवताच गडद निळा रंग दिसला, तेव्हा तेथे घोटणीच करू. परंतु नाळेजवळ, जिथे होडी धक्क्याला घासते, तिथे तळहाताएवढ्या दोन जागी भिजवूनही निळे काही दिसत नाही. हिरवट-पिवळे दिसते आणि नख फिरवले की दोऱ्यांची वीण जाणवते. कडेच्या बारीक चिरांबद्दलही सांगावे. या जागा आत्ताच भरून घेऊ का?

रेझिनवाला (तुर्भे)

त्या दोन जागी जेलकोट संपला आहे आणि पाणी मॅटमध्ये शिरण्याची वाट मोकळी आहे, म्हणून त्या दुर्लक्षू नका. मात्र भरण्याआधी ते अंग आतपर्यंत वाळलेले असले पाहिजे. होडी पाण्याबाहेर काढून मे महिन्याच्या कोरड्या हवेत काही दिवस ठेवता आली तर आत्ता करा. आभाळ भरून आले असेल तर थांबा, पावसाळाभर होडी झाकून ठेवा आणि हवा कोरडी झाल्यावर भरा. ओलसर मॅटवर लावलेला जेलकोट वरून चांगला दिसतो आणि पुढे फोड येऊन सुटतो.

चिरा कशा आहेत ते आधी पाहा. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटल्या असतील तर तिथे धक्का बसलेला आहे. लांब, समांतर असतील तर ते अंग ताणाखाली वाकते आहे, आणि आतून आधार दिल्याशिवाय चिरा भरून काही उपयोग होणार नाही, त्या पुन्हा उघडतील. चिरेवर नुसता जेलकोट फासू नये. टोकदार हत्याराने ती व्ही आकारात उघडावी, ॲसिटोनने पुसावी आणि मग भरावी.

जेलकोटला हार्डनर (थर पिकवणारे, म्हणजे कडक करणारे रसायन) वजनाच्या एक ते दोन टक्के लागतो. मे महिन्याच्या उष्म्यात एक टक्क्याच्या जरा वर ठेवावा, पण एकाच्या खाली जाऊ नये, कारण मग थर कधीच पुरता पिकत नाही. पॉलिएस्टर जेलकोटचा हवेला लागलेला पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेणाचे द्रावण मिसळलेला जेलकोट घ्यावा किंवा लावल्यावर त्यावर प्लॅस्टिकचा कागद बसवून हवा तोडावी. दुकानदाराकडून कोबाल्ट (पिकण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) मिसळलेलाच जेलकोट मागा. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही वेगवेगळे मिळाले तर ते एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. रंग जुळवताना फिक्या पडलेल्या अंगाशी जुळवू नका. शेजारची जागा आधी घोटा आणि त्या उजळलेल्या निळ्याशी जुळवा.

घोटणी मात्र आत्ताच करावी आणि तिच्यावर मेण चढवूनच होडी शाकारावी. उघडा केलेला जेलकोट मेणाशिवाय ठेवला तर पुढच्या उन्हाळ्यात तीच भुकटी पुन्हा दिसेल. कार्नोबा मेणाचे दोन पातळ हात, पहिला पुसून घेतल्यावर दुसरा, आणि इकडच्या उन्हात वर्षातून दोनदा: एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळा संपल्यावर. पाण्याचे थेंब अंगावर गोळा न होता पसरू लागले की मेण संपले असे समजून पुन्हा लावावे. पाणरेषेखाली शेवाळ-शिंपले रोखणारा रंग लावत असाल तर तिथे मेण जाऊ देऊ नका, तो रंग धरणार नाही. शाकारताना ताडपत्री अंगाला घट्ट लपेटू नका. खाली बांबूचा सांगाडा करून वारा खेळता ठेवा, नाहीतर अडकलेल्या दमटपणाने घोटलेल्या अंगावर पांढरे चट्टे उठतात.